तिसरी खिडकी

सप्टेंबरातल्या एका सकाळी कॉफी ओतता ओतता आर्डिसने नवऱ्याला विचारलं, "या हिवाळ्यात आपण अ‍ॅरिझोनाला जाऊन राहू या का? लॉर्ना म्हणते, तिच्या शेजारचं घर रिकामं आहे."

लॉर्ना ही आर्डिसची धाकटी बहीण. मिनेसोटातल्या नॉर्डाल गावातली निम्मी पेन्शनर मंडळी थंडी सुरू झाली की अ‍ॅरिझोनातल्या मेसा नावाच्या गावी उन्हाला जात. त्यांतच तीही चार वर्षांपूर्वी गेली आणि तिकडचीच झाली. आर्डिसने हाच प्रश्न जुलैतही विचारला होता. तेव्हा गेलन ट्वेटन "नको गं, आत्ताच कुठं उन्हाळा लागलाय" म्हणून सुटला होता. आता उन्हाळा संपला होता आणि दुसरं कारण तयार नव्हतं.

"मला कसं जमणार?" गेलन म्हणाला. "धंदा आहे ना."

"कसला धंदा?"

ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर अडतीस वर्षं उभा राहून गेलन मे महिन्यात निवृत्त झाला होता आणि त्यानंतर त्याने गवत कापण्यापलीकडे काही केलं नव्हतं. समोर वर्तमानपत्र पडलं होतं. त्यात वाचनालयाची जाहिरात होती : कोडिंग न शिकता वेबसाइट बनवा, दर मंगळवारी, विनामूल्य.

"वेबसाइटचा," गेलन म्हणाला.

आर्डिसने कॉफी ढवळली. वास्तविक तिच्या कॉफीत ढवळण्यासारखं काही नसे. "हे वेगळंच आहे काहीतरी," ती म्हणाली. इतर ठिकाणी बायका जेव्हा बशा फेकून मारतात, तेव्हा नॉर्डालमध्ये 'वेगळंच आहे' असं म्हणतात. मग तिने शांतपणे पुढचं सांगितलं. "चालता धंदा टाकून जा असं मी म्हणणार नाही. ख्रिसमसपर्यंत शंभर नग खपले आणि चार पैसे सुटले, तर मी अ‍ॅरिझोनाबद्दल एक शब्द बोलणार नाही."

"आणि नाही खपले तर?"

"तर बोलेन."

गेलनला अ‍ॅरिझोनाचा राग नव्हता. पण हिवाळ्यात तळं गोठलं की तो आपलं लाकडी खोपट बर्फावर ओढत नेई, आत शेगडी पेटवी, बर्फाला भोक पाडून गळ सोडी आणि डेलमर नावाच्या मित्राबरोबर चार-चार तास एक अक्षर न बोलता बसे. एवढ्यासाठीच तो वर्षभर जगत आला होता. आर्डिसचं मात्र वेगळं होतं. गेल्या फेब्रुवारीत ती पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून ती टपालपेटीपर्यंत कठडा धरून जात असे. त्याबद्दल ती बोलत नसे, आणि ती बोलत नाही म्हणून तोही बोलत नसे.

विकायचं काय, हा प्रश्न नव्हता. लेफ्सा म्हणजे बटाट्याची कागदासारखी पातळ पोळी. ती तव्यावर उलटायला हातभर लांब, चपटी काठी लागते. गेलन तीस वर्षं गॅरेजमध्ये बर्चच्या लाकडाच्या अशा काठ्या करत आला होता आणि लग्नाबारशाला फुकट वाटत आला होता. आता फक्त त्या विकायच्या होत्या. घोडं अडलं ते इथेच, कारण विकणं म्हणजे स्वतःच्या वस्तूबद्दल चारचौघांत बोलणं.

वाचनालयातली रोझान दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून आली होती. ती भरभर बोले आणि पुढचा माणूस बोलत नाही असं पाहून आणखी भरभर बोले. तिने पहिल्याच मंगळवारी सगळा आराखडा मांडून दिला. गिऱ्हाईक कोण ते ठरवा. एकच पान, एकच वस्तू, एकच बटण. तयार चौकोन उचला आणि हवे तिथे नेऊन ठेवा. गेलनला ते फार आवडलं. सुट्या भागांचे कप्पे लावण्यात त्याचा जन्म गेला होता. तासाभरात फोटो डावीकडे, किंमत उजवीकडे आणि खाली पत्ता असं पान उभं राहिलं.

"आता वर मोठ्या अक्षरांत लिहा," रोझान म्हणाली. "अमेरिकेतली सर्वोत्तम लेफ्सा-काठी."

गेलनने दाराकडे पाहिलं. "असं कसं लिहिणार? लोक वाचतील."

"लोकांनी वाचावं म्हणूनच लिहितो आपण."

"मला याच गावात राहायचंय हो."

"मग तुम्ही काय लिहाल?"

गेलनने दोन बोटांनी टाइप केलं : 'काठी आहे. वाईट नाही.'

रोझानने डोळे मिटून घेतले. नॉर्डालमध्ये 'वाईट नाही' याच्या वर स्तुती नाही, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिचा विश्वास बसला नसता. बऱ्याच ओढाताणीनंतर तडजोड झाली : 'बर्चची, हाताने केलेली काठी. तीस वर्षांत एकही मोडली नाही.' रोझान वळल्यावर गेलनने खाली बारीक अक्षरांत 'माझ्या माहितीप्रमाणे' एवढं जोडलं. शेवटच्या बटणावर तिने स्वतःच्या हाताने 'आत्ताच खरेदी करा' असं लिहिलं. ते वाचून गेलनला कुणीतरी दटावल्यासारखं वाटलं, पण शिकवणाऱ्याचं ऐकावं म्हणून त्याने ते तसंच राहू दिलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साइट सुरू झाली. दहा दिवसांत दोनशे बारा लोक येऊन गेले. त्यांतल्या चौसष्ट जणांनी काठी टोपलीत टाकली, नाव लिहिलं, पत्ता लिहिला, कार्डाचा नंबरसुद्धा भरला, आणि शेवटच्या बटणापाशी येऊन निघून गेले. विक्री शून्य.

"किंमत जास्त असेल," रोझान म्हणाली. किंमत उतरवली. टोपल्या झाल्या अठ्ठ्याहत्तर.

"बटणाचा रंग," रोझान म्हणाली. हिरव्याचं नारिंगी केलं. टोपल्या झाल्या एक्क्याण्णव. विक्री शून्यच राहिली. एक्क्याण्णव माणसं काठी हातात धरून गल्ल्यापाशी उभी आहेत आणि पैसे कुणीच काढत नाही, असा तो प्रकार होता. घरी आर्डिस काही विचारत नव्हती. ती फक्त एकदा माळ्यावरून उन्हाळी टोपी काढून झटकून गेली.

उलगडा झाला तो रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना. डेलमर येऊन शेजारी बसला आणि बराच वेळ हवेबद्दल बोलला. मग म्हणाला, "तुझी ती साइट बघितली."

"हो का?"

"वाईट नाही."

गेलनचे कान लाल झाले. "काठी घेतलीस की नाही मग?"

"टाकली होती टोपलीत. पण म्हटलं, कशाला उगीच तुला त्रास."

"त्रास कसला त्यात? विकायलाच ठेवलीय ना."

"ते खरं रे. पण तिनं एकदाच विचारलं."

"कुणी?"

"साइटनं. मी आपलं नको म्हटलं, तर गप्पच बसली. मग म्हटलं, द्यायची नसेल."

तेवढ्यात आर्डिस लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन आली. "डेलमर, घे."

"नको गं, आत्ताच खाल्लं."

"एक तरी."

"नको, खरंच. पोट टम्म भरलंय."

"आता घरी नेऊन टाकूनच द्यायच्या की काय मी?"

"मग काय, अर्धी दे," डेलमर म्हणाला आणि दोन उचलल्या.

गेलन त्या ताटाकडे बघतच राहिला. नॉर्डालची सगळी माणसं ताकाला जाऊन भांडं लपवणारी. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा 'नको' म्हणायचं तेही रीत म्हणून. खरं उत्तर तिसऱ्या खेपेला. पहिल्या विचारण्याला हात पुढे करणारा तो हावरट, आणि एकदाच विचारून ताट पुढे नेणारा तो कंजूष. गेलनची साइट बिचाऱ्या एक्क्याण्णव लोकांना एकेकदा विचारून पुढे निघून गेली होती. कंजूष म्हणून गावात त्याचं नाव झालं असणार, या विचाराने त्याला कॉफी गोड लागेना.

मंगळवारी तो वाचनालय उघडायच्या आधीच दारात हजर होता.

"साइटनं तीनदा विचारायला पाहिजे," तो म्हणाला.

"लोक चिडतात त्यानं," रोझान म्हणाली. "आमच्याकडे नको म्हणजे नको."

"मग तुमच्याकडे पाहुणे जेवतात कसे?"

कुणी जायला निघाला की समोर एक छोटी खिडकी उघडते, अशी सोय त्या तयार चौकोनांत होती. गेलनने फिकट पिवळ्या रंगाच्या तीन खिडक्या उचलल्या आणि एकीमागे एक लावल्या. पहिलीत लिहिलं : 'एक तरी घ्या.' खाली दोन बटणं, 'घेतो' आणि 'नको'. दुसरीत : 'अहो घ्या हो, करूनच ठेवलीय.' पुन्हा 'घेतो' आणि 'नको'. तिसरीत : 'नाहीतर नुसतीच पडून राहील.' आणि खाली एकच बटण : 'बरं, एवढं म्हणताय तर.' ते दाबलं की व्यवहार पुरा.

"यात 'नको' कुठंय?" रोझानने विचारलं.

"तिसऱ्यांदा नको कोण म्हणतं?"

"मी म्हणेन."

"तुमच्यावर ती वेळच येत नाही. तुम्ही पहिल्यांदाच घेऊन मोकळ्या होता."

दोन वर्षांपूर्वी पहिल्याच रविवारी रोझानने ताटातली बिस्किटं पहिल्या विचारण्याला उचलली होती, आणि ती गोष्ट गावात अजून हलक्या आवाजात सांगितली जात होती.

"आणि कुणाला अगदीच नको असेल तर?" तिने शेवटचं विचारलं.

"कॉम्प्युटर बंद करावा. दार आपटून जायचंच असेल तर जाईल बापडा."

खिडक्या लागल्या मंगळवारी. गुरुवारपर्यंत त्र्याऐंशी काठ्या गेल्या, त्यांत पहिली डेलमरची. शनिवारी शंभरी ओलांडली. आर्डिसने शंभरावं खोकं स्वतः बांधलं, त्यावर पत्ता चिकटवला आणि म्हणाली, "वाईट नाही." अ‍ॅरिझोनाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. गेलन गॅरेजमध्ये जाऊन एकटाच थोडा वेळ हसला.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आर्डिसने लॉर्नाला फोनवर सांगितलं, आणि लॉर्नाने मेसातल्या मंडळींना सांगितलं. मेसात मिनेसोटाची आठशे माणसं एकाच वस्तीत राहत होती. गाव सोडल्यापासून त्यांची एका बाबतीत उपासमार चालली होती. तिथल्या हॉटेलांतले वाढपी एकदा विचारत आणि निघून जात. दुकानदार तर विचारतही नसत. अशा माणसांना ती पिवळी खिडकी भेटली. काही जण दिवसातून दोनदा साइटवर येत, दोनदा 'नको' म्हणत, आणि तिसऱ्या खिडकीपाशी सुखाने उसासा टाकून काठी घेत. एका बाईने ऑर्डरच्या खाली लिहिलं : 'आई गेल्यापासून इतका आग्रह मला कुणी केला नव्हता. चार पाठवा.'

नोव्हेंबर संपेस्तोवर तीनशेचा आकडा मागे पडला. गॅरेजभर भुसा झाला. मोटार बाहेर बर्फात गेली. तळं गोठलं, खोपटही डेलमरने ओढून नेलं, पण गेलनला तिकडे फिरकायला सवड नव्हती. तीन आठवडे उशीर होईल असं त्याने कळवलं की लोक 'अजिबात घाई नाही' असं उलट कळवत, आणि नॉर्डालच्या माणसाने 'अजिबात घाई नाही' म्हटलं की किती घाई आहे हे गेलनला ठाऊक असल्यामुळे तो जेवण अर्धं टाकून रंधा हातात घेई. आर्डिस मात्र दर मंगळवारी वेळ काढून वाचनालयात जाऊन यायची. येताना तिच्या हातात पुस्तक नसे. गेलनच्या ते लक्षात आलं नाही.

मग फळं यायला लागली. शेजाऱ्याकडून काही आलं की परतफेड करायची, हा नॉर्डालचा दुसरा नियम, आणि काठी पैसे मोजून विकत घेतली म्हणून काही तो नियम सुटत नाही. मेसात प्रत्येकाच्या अंगणात ग्रेपफ्रूटचं, म्हणजे पपनसासारख्या फळाचं झाड. आइस्क्रीमची रिकामी प्लास्टिकची बादली घ्यायची, फळांनी गच्च भरायची, झाकण लावून टपालाने पाठवायची. पहिली बादली आली तेव्हा आर्डिसने फळाचा वास घेतला आणि खिडकीशी उभी राहून एकटीने ते अख्खं खाल्लं. दहावी आली तेव्हा शेजाऱ्यांना वाटली. तिसावी आली तेव्हा चर्चच्या तळघरात ग्रेपफ्रूटची कोशिंबीर, ग्रेपफ्रूटच्या वड्या आणि मांसाच्या भाजलेल्या गोळ्यांवर ग्रेपफ्रूटचा रस असा बेत झाला. गॅरेजमध्ये उणे पंचवीसला फळं गोठून दगड झाली, म्हणून ती घरात आणली. पाहुण्यांची खोली भरली. गेलनने डेलमरला रस्त्यात गाठलं.

"ग्रेपफ्रूट घे."

"नको."

"घे रे थोडी."

"नको, खरंच."

"अरे, नाहीतर टाकून द्यावी लागतील."

"नको," डेलमर म्हणाला आणि गाडी सुरू करून निघून गेला. नॉर्डालच्या इतिहासात तिसऱ्यांदा 'नको' म्हणणारा तो पहिला माणूस. त्या दिवसापासून दोघांनाही एकमेकांकडे बघायला थोडं अवघड वाटायला लागलं.

डिसेंबरच्या वीस तारखेला बादल्या झाल्या त्रेसष्ट. फळं संपवता येत होती, पण बादल्यांचं काय करायचं? प्रत्येकीच्या बुडाला कागदी पट्टीवर मालकाचं नाव पेनने लिहिलेलं होतं. नाव लिहिलेलं भांडं ठेवून घेता येत नाही, हा लहान पोरालाही ठाऊक असलेला नियम. गेलनने त्या धुऊन जिन्याखाली एकात एक रचून ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघणं टाळलं.

बावीस तारखेच्या सकाळी बर्च संपलं. तीनशे बेचाळीस काठ्या गेल्या होत्या आणि खर्च वजा जाता हिवाळाभर सरपण पुरेल एवढा नफा गाठीला होता. आता साइट तात्पुरती बंद करावी आणि दुपारी तळ्यावर जावं, असं ठरवून गेलन स्वयंपाकघराशेजारच्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसला. पैज जिंकली होती. बायको तोंडातून शब्द काढत नव्हती. त्याने आपलं पान एकदा समाधानाने पाहिलं आणि कोपऱ्यातल्या फुलीवर बोट नेलं.

समोर फिकट पिवळी खिडकी उघडली.

'जुलैत विचारलं, नको म्हणालास,' त्यात लिहिलं होतं. 'सप्टेंबरात विचारलं, नको म्हणालास. गेलन, अ‍ॅरिझोनाला येतोस का?'

खाली एकच बटण होतं : 'बरं, एवढं म्हणतेस तर.'

गेलनने सवयीने 'नको' शोधलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पान वर-खाली केलं. ते कुठेच नव्हतं आणि कुठेच का नव्हतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज थांबला होता.

"आर्डिस," तो म्हणाला, "तू एक शब्द बोलणार नव्हतीस."

"मी कुठं बोलले?" आतून आवाज आला.

"हे शिकलीस कुठं?"

"मंगळवारी. रोझान शिकवते छान. बोलते जरा जास्त."

कॉम्प्युटर बंद करायची वाट मोकळी होती. दार आपटून जायची सोय त्याने स्वतःच ठेवली होती. त्याने झाकणावर हात ठेवलासुद्धा. मग उघड्या दारातून त्याला आर्डिस दिसली. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होती. थंडीत ती ते नेहमीच चोळायची, आणि गेलन ते गेल्या फेब्रुवारीपासून पाहत आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तिसऱ्यांदा विचारणारा माणूस मनापासून विचारतो, याच्याच जोरावर त्याने तीनशेवर काठ्या विकून पैसे मिळवले होते. घरात कुणी दोनदा विचारून तिसऱ्यांदा विचारायची वाट बघतंय, याची मोजदाद मात्र त्याने ठेवली नव्हती.

त्याने बटण दाबलं. खिडकी मिटली आणि दुसरी उघडली : 'आभारी आहे. तीन जानेवारी, दोन तिकिटं.' तिकिटं काढल्याची तारीख मात्र ऑक्टोबरातली होती. म्हणजे साइट सुरू झाली त्याच आठवड्यातली.

"जबरदस्ती नाही हं," आर्डिस मागे न वळता म्हणाली.

"नाही, नाही," गेलन म्हणाला. "तशाही त्या लोकांच्या त्रेसष्ट बादल्या परत करायच्याच होत्या." त्याने जिन्याखाली पाहिलं. "पण रिकाम्या कशा न्यायच्या?"

"लेफ्साचे बटाटे उकडायला लावलेत मघाशीच," आर्डिस म्हणाली. "तुझ्याकडे एखादी काठी उरली असली तर बघ."